बोलायचं तुम्हीच, सर

सावंगी (मेघे) इथे राहणारा माणूस डॉक्टर नसला, तरी अर्धा डॉक्टर असतोच. गावाला खेटून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, १९९० पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्यांच्या सावलीत उगवलेल्या खानावळी, लॉज, औषधांची दुकानं आणि झेरॉक्सवाले आहेत. टपरीवरचा पोरगा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखतो की याचा पेशंट जनरल वॉर्डात आहे की आयसीयूत, आणि त्या हिशेबाने चहात साखर टाकतो. आमच्या किराणावाल्याला तुरीच्या डाळीचा भाव विचारला तर तो क्षणभर थांबतो. क्रिएटिनिन किती असावं ते विचारलं तर थांबत नाही.

अशा गावात 'पॅरा' हा शब्द नवा नाही. गल्लीत भाड्याने राहणारी निम्मी मुलंमुली पॅरामेडिकलची. कोणी रक्त काढतं, कोणी एक्स-रे काढतं, कोणी ऑपरेशनच्या वेळी ट्रे धरतं. 'पॅरा' म्हणजे डॉक्टरच्या शेजारी उभा राहणारा, डॉक्टरइतकाच दमणारा, पेशंटच्या नातेवाइकांशी डॉक्टरपेक्षा जास्त बोलणारा, पण ज्याच्या हाती सुरी द्यायची नाही असा माणूस. त्यामुळे ग्रामपंचायतीत कायदेविषयक शिबिर झालं आणि एका बाईंनी उठून "मी पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे विधी स्वयंसेवक" अशी ओळख करून दिली, तेव्हा सभेला फार समजवावं लागलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे कायद्याची सिस्टर." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गेली दोन वर्षं या विषयावरचं बरंच काही वाचतो आहे, पण इतकी नेमकी व्याख्या अजून कुठे सापडलेली नाही.

मला धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. ती बाई माझी विद्यार्थिनी होती. आठवी ब, शेवटचा बाक. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली दोन वर्षं या मुलीला निबंधात दहापैकी चार गुण दिले. कारण ती विशेषणं वापरत नसे. 'माझी आई' या निबंधात तिने लिहिलं होतं, 'माझी आई सकाळी पाच वाजता उठते. शेतात जाते. सात वाजता येते.' मी शेरा मारला होता: 'भाषा कोरडी'. आता तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात रजिस्टर होतं आणि ती सगळ्या गावाला कोरड्या भाषेत कायदा सांगत होती. आणि गावाला तो कळत होता.

तिने सांगितलेलं थोडक्यात असं. गरिबाला पैशापायी न्याय नाकारला जाऊ नये, हे १९७६ साली घटनेत अनुच्छेद ३९-क म्हणून आलं. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली संमत झाला आणि लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. म्हणजे खुद्द या कायद्यालाच तारखेसाठी आठ वर्षं थांबावं लागलं. आपण दोन-तीन तारखांनी कावतो. पुढे २००९ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना काढली. अट फक्त लिहितावाचता येण्याची, शक्यतो दहावी पास. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बाया, कायद्याचे विद्यार्थी, इतकंच काय, लांब शिक्षा भोगत असलेला शिकलेला आणि नीट वागणारा कैदीसुद्धा तुरुंगातल्या तुरुंगात हे काम करू शकतो. यावर सभेत पहिल्यांदाच गंभीर शांतता पसरली. अनुभवी माणूस नेमायचा म्हटलं तर याहून अनुभवी कुठला आणणार?

मग तिने फुकट वकील कोणाला मिळतो ते सांगितलं. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कामगार, कोठडीतले, आपत्तीत सापडलेले, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेले, आणि स्त्रिया. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. माझं पेन्शन मला वरच्या कुठल्याच रकान्यात बसू देत नव्हतं. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र तिथल्या तिथे दोनदा खात्री करून घेतली: "नवऱ्याचं पेन्शन कितीबी असलं तरी?" "कितीही असलं तरी, काकू." घरी येताना ती नेहमीपेक्षा ताठ चालत होती.

हे सगळं मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं, पण मे महिन्यात आमचा कूलर बंद पडला.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. पुण्यात कूलर हे एक यंत्र आहे. वर्ध्यात तो घरातला कर्ता पुरुष असतो. एप्रिलमध्ये त्याला माळ्यावरून उतरवतात, धुतात, वाळ्याच्या नव्या ताट्या लावतात आणि पहिल्यांदा चालू करताना घरातली सगळी माणसं समोर उभी राहतात. नवतप्याचे नऊ दिवस घर त्याच्या जिवावर जगतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर माणसाला देव, धर्म, राजकारण काहीच आठवत नाही. फक्त टाकीत पाणी आहे का, एवढंच आठवतं. जुना कूलर गंजून गेला म्हणून त्या वर्षी आम्ही वर्ध्यातून नऊ हजार दोनशे रुपयांना नवा घेतला. ऐन नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा पंप गेला. दुकानदार म्हणाला, गॅरंटी मोटरची आहे. मी म्हणालो, पंपातही मोटरच असते. तो म्हणाला, "ती लहान मोटर झाली गुरुजी." पंख्याची मोटर मोठी, पंपाची लहान, आणि गॅरंटी फक्त मोठ्यांना, हा त्याचा सिद्धान्त. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे आमची तडजोड झाली आणि आता आम्ही एकमेकांना नमस्कार करतो.

तर मी ठरवलं, ग्राहक आयोगात जायचं. वकील न लावता, स्वतः.

हा निर्णय कळताच शेजारचे काकाजी आले. काकाजी प्रत्येक गावात एक असतात. आमच्या काकाजींचा तेवीस वर्षं एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, खटला चालला. त्यात त्यांचे तीन वकील बदलले, समोरची पिढी बदलली, धुरा होता तिथेच राहिला, पण काकाजी मात्र कायदेपंडित होऊन बाहेर पडले. पुरसिस, कैफियत, रोजनामा, बेलिफ, नाझर, शिरस्तेदार हे शब्द ते भाजीत मीठ टाकावं तसे वापरतात.

"तुम्ही कायले भेता गुरुजी? मी उभा राहतो न तुमच्याकडून," काकाजी म्हणाले. "कलम बत्तीस! कोर्टाची परवानगी असंल तर कोणीबी उभा राहू शकते."

मी थक्क झालो, कारण हे खरं होतं. निम्मं. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिली फक्त वकिलांनी करायची असं ठरवून टाकलं. सनद नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यातच कलम ३२ ची एक छोटीशी खिडकी ठेवली, की एखाद्या ठरावीक खटल्यापुरती कोर्ट कोणालाही बाजू मांडायची परवानगी देऊ शकतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली हरिशंकर रस्तोगी यांच्या प्रकरणात ती खिडकी नेमकी केवढी, ते मोजून दिलं: स्वतःची बाजू स्वतः मांडणं हा तुमचा हक्क आहे, तुमच्या ओळखीच्या माणसाने ती मांडणं हा त्याचा हक्क नाही, न्यायाधीशांची मर्जी आहे, आणि ती मधेच काढूनही घेता येते. मुखत्यारपत्र लिहून दिलं म्हणून वकिली करता येत नाही, हेही पुढे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. काकाजींनी कलम ऐकलं होतं, निकाल ऐकले नव्हते. गावातल्या बहुतेक कायदेपंडितांचं ज्ञान पुस्तकाच्या डाव्या पानापर्यंतच असतं. उजव्या पानावर 'परंतु' असतो.

(वकिलांनी यावर फार खूश होऊ नये. त्यांना देशातल्या सगळ्या कोर्टांत वकिली करण्याचा हक्क देणारं कलम ३० याच १९६१ च्या कायद्यात आहे. ते अमलात आलं जून २०११ मध्ये. पन्नास वर्षं वकिलांचं स्वतःचंच कलम तारखेवर होतं.)

ग्राहक आयोगाचं मात्र निराळं आहे. तिथे वकील नसलेला प्रतिनिधी उभा राहू शकतो का, हा वाद मुंबईच्या ग्राहक मंचात निघाला, मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: राहू शकतो. ग्राहक कायदा ज्याच्यासाठी केला त्यालाच वकिलाचं ओझं नको, असा त्यामागचा विचार. पण प्रतिनिधीगिरीचा धंदा होऊ नये म्हणून २०१४ साली नियम आले. प्रतिनिधी नातेवाईक, शेजारी, मित्र असा आधीपासून ओळखीचा हवा, त्याला काम जमतं असं आयोगाला दिसायला हवं, आणि प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कसलाही मोबदला घेत नाही असं त्याने लिहून द्यायला हवं.

म्हणजे काकाजी माझ्यासाठी उभे राहू शकत होते! मी हे त्यांना सांगितलं. त्या वेळी आमच्यासमोर चहा होता आणि बशीत गोरसपाक होता. गोरसपाक ही वर्ध्याची कायदेशीर कमजोरी आहे. काकाजींनी चौथा तुकडा उचलता उचलता विचारलं, "अप्रत्यक्ष म्हंजे काय?"

"म्हणजे हा गोरसपाक," आतून आवाज आला.

काकाजींचा हात बशीवर थांबला. पण त्यांना खरा त्रास झाला तो 'लिहून द्यावं लागेल' या शब्दांचा. तेवीस वर्षांच्या अनुभवातून त्यांनी एकच सिद्धान्त काढला होता: सल्ला सगळ्यांना द्यायचा, सही कुठेच करायची नाही. "लिहून कायले लागते? जबानीवर भरोसा नाही का आयोगाले?" असं म्हणून त्यांनी गोरसपाक उचलला आणि वकिली सोडली.

मी मग विद्यार्थिनीकडे गेलो. जाताना तक्रार लिहून नेली होती.

तक्रार अकरा पानांची होती. जून ते दिवाळी एवढा वेळ मी तिच्यावर घालवला होता. उशीर सर्वस्वी माझा, दुसऱ्या कोणाचा नाही. पहिल्या पानावर विदर्भाच्या उन्हाळ्याचं वर्णन होतं. दुसऱ्या पानावर जुन्या कूलरची आठवण. तिसऱ्यापासून दुकानदाराचा स्वभाव, आणि त्यासाठी मी मराठी भाषेची सगळी संपत्ती वापरली होती. नवव्या पानावर खांडववन येत होतं. शेवटी मानसिक त्रासापोटी अकरा लाख रुपये मागितले होते.

तिने शांतपणे वाचलं. मग पर्समधून लाल पेन काढला.

तो लाल पेन बघताना मला जे वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मराठीच्या तासाला किमान हजारभर मुलांना तसं वाटलं असणार, आणि जबाबदार मी होतो.

"सर, 'नराधम' काढू या."

"तो आहे."

"असेल. पण सिद्ध कसं करणार? पंपाचं सिद्ध करता येते." तिने रेघ मारली. "हे 'आग ओकणारा सूर्य' पण काढते. कूलर कधी घेतला, केवढ्याला घेतला, कधी बंद पडला, तुम्ही दुकानात कधी गेलात, ते काय म्हणाले, आणि तुम्हाला काय पाहिजे. एवढंच."

"आणि अकरा लाख?"

"मागा न. आता फी वस्तूच्या किमतीवर असते, पाच लाखांपर्यंत फी नाहीच. मागायला पैसे लागत नाही सर," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "पण वाचणारा हसला तर त्यालाही लागत नाही."

अकरा पानांचं दीड पान झालं. खाली सही माझी होती, पण भाषा ओळखीची होती. 'दि. २७ मे रोजी पंप बंद पडला. दि. २८ मे रोजी दुकानात गेलो. पंप बदलून मिळाला नाही.' माझी आई सकाळी पाच वाजता उठते, शेतात जाते, सात वाजता येते. इतक्या वर्षांनी कळलं की तो निबंध नव्हता, ते शपथपत्र होतं, आणि त्याला दहापैकी दहा द्यायला हवे होते.

तिने पुढे यादी दिली: पक्कं बिल, गॅरंटी कार्ड, दुकानाला पाठवलेली नोटीस आणि तिची पोच, शपथपत्र, अनुक्रमणिका, सगळ्याचे जास्तीचे संच. बिल सापडत नव्हतं. ते मिक्सरच्या खोक्यात सापडलं. त्यावर नाव माझं होतं. "माझ्या नावावर घेतलं असतं तर फुकट वकील मिळाला असता," सौभाग्यवती म्हणाल्या. "आता असं करा, तुम्ही दुकानावर केस करा. मी तुमच्यावर करते." विधी साक्षरता म्हणतात ती हीच.

"तू येशील ना तिथे?" मी विद्यार्थिनीला विचारलं.

"येईन. खोली दाखवीन, पुकारा कुठे होतो ते दाखवीन, कागद कोणाकडे द्यायचा ते सांगीन. पण आत बोलायचं तुम्हीच, सर."

"तू शेजारी असशील ना? अडलो तर हळूच..."

तिने माझ्याकडे बघितलं. "सर, शेजारच्याला सांगितलं म्हणून तुम्ही मला सहामाहीला बाहेर काढलं होतं."

खरं होतं. त्या क्षणी विधी स्वयंसेवकाचं सगळं शास्त्र मला कळलं. अर्ज लिहायला मदत करणं, सरकारी कचेरीचं दार दाखवणं, फुकट वकील मिळवून देणं, १५१०० हा मदतीचा क्रमांक भिंतीवर लिहिणं, लोकअदालतीत जायला तयार करणं, भांडण गावातच मिटतंय का बघणं, हे सगळं तिचं. घंटा झाली की परीक्षेच्या खोलीत मात्र जायचं नाही. 'केस जिंकाल का' याचं उत्तर द्यायचं नाही. आणि लाभार्थ्याकडून पैसा घ्यायचा नाही. जे काही मानधन मिळेल ते प्राधिकरणाकडून. मी गोरसपाकचा पुडा पुढे केला तर तिने तो परत सरकवला. नियम नीट वाचलेला माणूस ओळखायचा तो असा.

आता थोडं गांधींबद्दल, कारण वर्धा जिल्ह्यात राहून कुठल्याही विषयावर लिहिलं तरी शेवटी रस्ता सेवाग्रामला निघतो. १९३६ साली ते सेगावात राहायला आले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. पण मला त्यांची आठवण येते ती त्याआधी चाळीसेक वर्षांपूर्वीची. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस घेऊन उभा राहिला. केस मिळवून देणाऱ्या दलालाला टक्केवारी द्यायला त्याने साफ नकार दिला होता. तीस रुपये फी. उलटतपासणीला उठला आणि वाचा बसली. डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसला, पैसे परत केले, आणि पक्षकाराला एक्कावन्न रुपये मोजून दुसरा वकील करावा लागला. हे सगळं गांधींनी आत्मचरित्रात स्वतःच सांगितलं आहे. पुढे राजकोटला जाऊन त्यांनी काय केलं? लोकांचे अर्ज आणि निवेदनं लिहिली. त्यातून महिन्याला तीनशेच्या आसपास मिळू लागले. म्हणजे ज्यांच्या नावाने आमचा जिल्हा ओळखला जातो ते बॅरिस्टर काही काळ सनद असलेले अर्जनवीस होते, आणि तेच त्यांना जमत होतं. बोलायला भीती वाटणाऱ्या माणसाने लिहून द्यावं, हा काही कमीपणा नाही.

काकाजींना हे पटलं नाही. त्यांचं दैवत वेगळं. "टिळकांनी नाही का सोताची केस सोता लढवली? एकवीस तास बोलले!" बोलले खरे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य कित्येक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक बोलले. पण लोकमान्य एलएल.बी. होते, पुण्यात वकिलीच्या परीक्षेचे वर्ग चालवत होते. समोर न्यायमूर्ती दावर होते, ज्यांनी १८९७ च्या खटल्यात टिळकांच्याच जामिनासाठी वकील म्हणून काम केलं होतं. एवढी सगळी तयारी, एवढी ओळख आणि एकवीस तास, आणि शेवटी सहा वर्षं मंडाले. माझा कूलर नऊ हजार दोनशेचा होता. मी पाच मिनिटांवर थांबायचं ठरवलं.

तसं स्वतः बाजू मांडणाऱ्यांची कोर्टाला धास्तीच असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली नियमच केले: वकिलाशिवाय येणाऱ्याला आधी समितीसमोर बसवायचं, त्याला आपलं म्हणणं नीट मांडता येतं का ते बघायचं, आणि भाषा सभ्य ठेवीन अशी हमी घ्यायची. वाचलं तेव्हा राग आला. मग माझी अकरा पानं आठवली. समितीचं बरोबर होतं.

तारखेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. ऑटोने वर्ध्याला गेलो. विद्यार्थिनी आधीच आलेली होती आणि सवयीने शेवटच्या बाकावर बसली होती. काकाजीही आले होते, सही नसलेल्या कामांना ते आवर्जून येतात. मी पहिल्या रांगेत बसून दीड पान पाठ करत होतो. मनात तिने सांगितलेलं: नाव सांगा, तक्रार क्रमांक सांगा, मागणी सांगा, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या, आणि मधे थांबा.

पट्टेवाल्याने सूचना दिली. दार उघडलं. अध्यक्ष आणि सदस्य आत आले. खोलीतले सगळे लोक एका दमात उभे राहिले.

आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, "बसा."

एकतीस वर्षांची सवय. मी खोलीत असताना सगळे उभे राहिले की मी 'बसा' म्हणतो. त्यात विचार नसतो. दोन-तीन माणसं खरोखर बसली. एक तरुण वकीलसाहेब अर्धे बसून पुन्हा उठले. मागून शेवटच्या बाकावरून दाबलेलं हसू आलं आणि मी न वळता ओळखलं की कोण आहे. तोच बाक, तेच हसू, फक्त या वेळी तिला बाहेर काढण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "शिक्षक का?"

"निवृत्त," मी म्हणालो. माझी कोर्टातली पहिली उलटतपासणी ही.

पुकारा झाला तेव्हा मी उठलो. नाव सांगितलं. पुढचं गेलं. दीड पान डोळ्यांसमोर पांढरं झालं. मागे वळलो, तर विद्यार्थिनी छताकडे बघत होती, पक्की, मुद्दाम, परीक्षेतल्या हुशार मुलीसारखी. तिच्या शेजारी काकाजी मात्र ओठांनी जोरजोरात काहीतरी सांगत होते. बहुधा 'कलम बत्तीस'. मी पुन्हा समोर बघितलं आणि जे आठवलं ते बोललो: "एप्रिलमध्ये कूलर घेतला. मे महिन्यात बंद पडला. दुकानात गेलो. बदलून मिळाला नाही." चार वाक्यं, एकही विशेषण नाही. अध्यक्ष लिहून घेत होते. माझं कोणतंही व्याख्यान इतक्या लक्षपूर्वक कोणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या तारखेला दुकानदार आला. मोठी मोटर, लहान मोटर हा सिद्धान्त त्याने मांडायला सुरुवात केली, मग मधेच म्हणाला, "साहेब, मिटवून टाकू." नवा पंप आणि दोन हजार रुपये. पुरसिस, म्हणजे तडजोडीची लेखी नोंद, लिहिली. पुरसिस हा शब्द उच्चारायची संधी मिळाल्याने काकाजींचा दिवस सार्थकी लागला. पंप आला जानेवारीत. चालतो का ते बघायला हवं म्हणून आम्ही कूलर चालू केला. सौभाग्यवती शाल पांघरून, काकाजी कानटोपी घालून, आणि मी स्वेटरमध्ये, असे तिघं वाळ्याच्या वासात थंडीने कुडकुडत उभे राहिलो. चालत होता.

आता अडचण अशी झाली आहे की लोक माझ्याकडे येऊ लागले. परवा एकजण मेडिक्लेमचा कागद घेऊन आला. मी "कलम..." असं म्हणायला तोंड उघडलं आणि समोरच्या ओट्यावर काकाजी दिसले. तोंड मिटलं. त्याला विद्यार्थिनीकडे पाठवलं. ती संध्याकाळी फॉर्म घेऊन आली. "सर, निवृत्त शिक्षक चालतात. तुम्हीच या न आमच्यात. प्रशिक्षण असते. फक्त दहावीची मार्कशीट लागेल."

चार दिवस मार्कशीट शोधतो आहे. ज्यांच्या नावाचं रुग्णालय आमच्या दारात आहे, त्या विनोबांनी तरुणपणी आपली प्रमाणपत्रं आईसमोर चुलीत घातली होती; म्हणजे ते आज असते तर कागदांच्या छाननीतच बाद झाले असते. माझी कुठेतरी आहे. १९७८ ची. काल मिक्सरच्या खोक्यात खालच्या बाजूला एक पिवळा कागद दिसला, तो मी अजून बाहेर काढलेला नाही. तो तिच्या हाती द्यायचा कसा, हा प्रश्न आहे. मराठीत मला बेचाळीस गुण आहेत.